शिवणीतली माया

"यात रॅम नंतर वाढवता येते ना?" दाजींनी विचारलं.

"नाही काका, ती आतच बसवलेली असते. आत्ता घ्याल तेवढीच," दुकानातला मुलगा म्हणाला. उत्तर अदबीनं दिलं होतं आणि खरंही होतं. तरी दाजींनी हातातला लॅपटॉप ज्या पद्धतीनं परत टेबलावर ठेवला, ते काही दिवस माझ्या मनातून गेलं नाही. २०२५ चा जून होता. पावसानं नुकताच जोर धरला होता आणि दुकानाच्या दाराशी छत्र्यांचं पाणी साचलं होतं. भाचीला पुण्यात डिझाइनला प्रवेश मिळाला होता, दाजी तिला हॉस्टेलवर सोडायला मिरजेहून आले होते. तिला हवा होता ॲपलचा मॅकबुक एअर, एम ४ चिपचा, मार्चमध्येच बाजारात आलेला. त्यातलं सगळ्यात खालचं मॉडेल म्हणजे १६ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), २५६ जीबी स्टोरेज, किंमत ९९,९०० रुपये आणि विद्यार्थ्यांसाठी ८९,९००. दाजींनी तो उलटा करून पाहिला. तळाला चार बारीक स्क्रू होते. त्यांनी अंगठ्याच्या नखानं एकाची खाच चाचपली. पाच पाकळ्यांची खाच. त्यांच्या खिशात कायम असणारा टेस्टर तिथे चालणार नव्हता. भाची शेजारी उभी होती, बोटं कीबोर्डवर टेकवलेली, पण एकही बटण न दाबता.

आम्ही काही न घेता बाहेर पडलो. चहाच्या टपरीवर कप हातात आल्यावर दाजी म्हणाले, "उघडता येत नाही ती वस्तू आपली कशी म्हणायची?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी पटकन काहीतरी बोलून गेले असते. आजकाल फोनही उघडता येत नाही, गाडीचं बॉनेट उघडून तरी आपल्याला काय कळतं, वगैरे. पण दाजींना तसं बोलता येत नाही, कारण त्यांचं आयुष्य वस्तू उघडण्यात गेलंय. त्यांचा मिरजेत लग्नपत्रिकांचा व्यवसाय आहे. गाळ्यात पुढे नमुन्यांची कपाटं, मागे स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, ज्याच्या कॅबिनेटला डाव्या बाजूचा पत्रा नाही. पत्रा कधीच काढून ठेवलाय, कारण दर काही महिन्यांनी आत हात घालावाच लागतो. मी एकदा तिथे बसले असताना तो कॉम्प्युटर सुरू होईना, नुसते लांब लांब बीप द्यायला लागला. दाजींनी बटण बंद केलं, आतली रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून बाहेर काढली, टेबलावरचं खोडरबर घेतलं आणि पट्टीचे सोनेरी दात हलक्या हातानं घासले, शाळेतली पोरं शुद्धलेखनाची चूक पुसतात तसे. फुंकर मारली, पट्टी परत खाचेत दाबली. दोन्हीकडून 'टक्' असा आवाज आल्यावरच हात काढला. मशीन चालू. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, त्याच्या मुलाच्या पत्रिकेचा मजकूर पडद्यावर आला. दाजींनी त्या गाळ्यात रॅम वाढवली, हार्ड डिस्क बदलली, पॉवर सप्लाय बदलला, मागच्या बाजूला श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्याची खोचायची किल्ली, मात्र तेच ठेवलं. त्यातला मूळचा भाग आता कुठला उरलाय हे त्यांनाही सांगता येणार नाही. मशीन मात्र त्यांचंच आहे, अगदी निःसंशय.

आमच्या घरात कपड्यांचं असंच होतं. जूनमध्ये गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला बजावायची, की शिवणीत माया भरपूर सोडा आणि खाली चांगली चार बोटं दुमड घाला. पुढच्या वर्षी तो फ्रॉक उसवून खाली सोडला जायचा. जुन्या दुमडीची रेघ गडद निळी दिसायची, बाकी कापड उन्हानं आणि साबणानं विटलेलं. ती रेघ दिसू नये असं मला वाटायचं, आणि तरी फ्रॉक अंगाला येत होता हेही खरं होतं. मध्यमवर्गीय घरात कुठलीही मोठी वस्तू घेताना हा हिशेब आपोआप होतो. आज झेपेल तेवढं घ्यायचं, पण उद्या वाढवायला जागा ठेवायची. दाजींनी दुकानात विचारलं ते हेच होतं. या लॅपटॉपच्या शिवणीत माया नाही. आज जे माप घ्याल त्याच मापात सहा-सात वर्षं काढायची. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचं सहा वर्षांनंतरचं माप आज कुणाला माहीत असतं?

हे आजचं नाही. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर कागदी पाकिटातून पहिला एअर बाहेर काढला, तेव्हाच त्यातली २ जीबी रॅम कायमची जोडलेली होती. त्या वेळी तो १,७९९ डॉलरचा, म्हणजे चैनीचा लॅपटॉप होता. कंपनीचा साधा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा मॅकबुक १,०९९ डॉलरपासून मिळायचा. मी ज्या प्रकाशनाच्या कामासाठी तेव्हा जायचे, तिथल्या मांडणी करणाऱ्या मुलाकडे तो पांढरा होता. त्याची बॅटरी काढायला तळाच्या गोल खाचेत रुपयाचं नाणं घालून फिरवायचं. बॅटरी निघाली की आत तीन स्क्रूंची एक पट्टी, आणि ती काढली की रॅम आणि हार्ड डिस्क दोन्ही समोर. त्यानं दोन्ही स्वतः वाढवल्या होत्या. म्हणजे त्या वेळी स्वस्त तो उघडता यायचा आणि महाग तो बंद असायचा. पुढे २०१० मध्ये ११ इंची एअर ९९९ डॉलरला आला, पांढरा मॅकबुक गेला, आणि चैनीची वस्तू हीच पहिली पायरी झाली. किंमत खाली आली ती बंद झाकणासकट. या बदलाबद्दल मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटतात. इतकं देखणं, हलकं यंत्र आता माझ्यासारखीला घेता येतं याचा आनंद आहे. आणि त्याच्या मोबदल्यात आपल्याकडून काय काढून घेतलं गेलं हे फारसं कुणी बोलत नाही, याची खंत आहे.

माझा स्वतःचा एअर एम १ चा आहे. अनुवाद, मुद्रितं तपासणं, थोडं संपादन एवढंच काम, पण दिवसभराचं. त्याला पंखाच नाही, त्यामुळे रात्री घर झोपल्यावर काम करताना खोलीत फक्त बटणांचा आवाज असतो. ज्यांनी वर्षानुवर्षं पंख्याच्या घरघरीत काम केलंय त्यांनाच या शांततेची किंमत कळेल. चार्जर मी बहुतेकदा घरीच विसरते आणि दिवस निभतो. त्यातला देवनागरीचा कीबोर्ड आणि कोहिनूर देवनागरीसारखे अक्षरसंच आधीपासून आत असतात, काही विकत घ्यावं लागत नाही. भाचीनं हेच सगळं माझ्याकडे सुट्टीत येऊन पाहिलेलं होतं, तिचं मन तिथेच बसलं होतं.

पण माझं मशीन चांगलं निघालं यात कंपनीच्या नावापेक्षा महिन्याचा वाटा मोठा आहे. २०२० मध्ये दोन एअर आले. मार्चमध्ये इंटेल चिपचा, नोव्हेंबरमध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम १ चिपचा. दिसायला जवळपास जुळे, किमतीही जवळपास सारख्या, एम १ आपल्याकडे ९२,९०० रुपयांपासून. २०२५ च्या शरदात आलेली मॅकओएस, म्हणजे मॅकची कार्यप्रणाली, टाहो, एम १ वर चालते. मार्चमधल्या जुळ्या भावंडावर चालत नाही. ज्यांनी त्या वर्षी उन्हाळ्यात पैसे साठवून इंटेलचा घेतला, त्यांनी तेवढेच पैसे मोजले, तेच नाव मिरवलं, आणि त्यांचं यंत्र पाच वर्षांत मागे राहिलं. महागडी कंपनी म्हणजे टिकाऊ वस्तू हे समीकरण मला म्हणूनच पुरतं पटत नाही. त्या कंपनीच्या वस्तूचं आयुष्य ती कुठल्या वळणावर घेतली यावर ठरतं. एम ४ घेताना असं वळण तोंडावर दिसत नव्हतं, चिपांची ही जात आता रुळली होती. ही त्यातली जमेची बाजू.

दुसरी, त्याहून मोठी जमेची बाजू रॅमची. २०२० ते २०२४ या सगळ्या काळात एअरचं खालचं मॉडेल ८ जीबीचंच होतं. तेव्हा मला कुणी विचारलं की मी अडखळायचे. रॅम भरली की मशीन स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरायला घेतं. नव्या चिपांवर हे इतकं बेमालूम होतं की वर्षभर काही जाणवत नाही, पण काम वाढत गेलं की एक दिवस फोटोशॉप, ब्राउझरचे टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवताना पडद्यावर ते रंगीत चक्र फिरायला लागतं. त्यात २०२२ च्या एम २ एअरच्या खालच्या मॉडेलमध्ये २५६ जीबी एकाच चिपवर दिली गेली, आधीच्या एम १ मध्ये ती दोन चिपांवर वाटलेली होती. परिणामी स्टोरेजचा वेग जवळपास निम्म्यावर आला. किंमत मात्र १,१९,९०० झाली होती. ज्याला स्वस्तातलं घ्यायचं आहे त्याच्याच ताटातून वाढलेलं काढून घेणं मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. एम ३ ला दोन चिपा परत आल्या. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये किंमत न वाढवता खालच्या मॉडेलची रॅम १६ जीबी झाली. आतून माप वाढवता येत नसेल तर निदान मुळातलं माप तरी पुरेसं हवं. ते त्या दिवशी झालं. एम ४ एअर त्याच १६ जीबीनिशी ९९,९०० ला आला, आधीच्या एम ३ च्या सुरुवातीच्या किमतीपेक्षा १५,००० नं कमी. माझ्या मते एअरचं खालचं मॉडेल निर्धास्तपणे घ्यावं असा काळ इथून सुरू झाला.

स्टोरेजचा भाव मात्र मला कुठल्याही अंगानं पटवून घेता येत नाही. एम ४ मध्ये २५६ ऐवजी ५१२ जीबी हवी तर २०,००० रुपये जास्त लागत होते. रॅम २४ हवी तर आणखी २०,०००. तेव्हा बाजारात १ टीबीची (साधारण १,००० जीबी) खिशात मावणारी, बाहेरून जोडायची एसएसडी डिस्क दहा हजारांच्या आत मिळत होती. दुकानात हे आकडे ऐकताना माणूस एका जिन्यावर उभा असतो आणि प्रत्येक पायरी अगदी थोडी वर वाटते. नव्वद हजार ठरवून आलेला माणूस सव्वा लाखाला हो म्हणून बाहेर पडतो. "एवढे घालतोच आहोत तर" हे वाक्य मी त्या दिवशी शेजारच्या टेबलावरही ऐकलं. त्या जिन्यावर न चढणं ही या खरेदीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण नंतर चढता येत नाही अशी धास्ती प्रत्येक पायरीवर असते. आणि असं असण्याचं तांत्रिक कारणही पुरतं खरं नाही. रॅम चिपेलगत ठेवण्यात वेगाचा फायदा आहे, हे मान्य. पण त्याच कंपनीच्या २०२४ च्या मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉप कॉम्प्युटरात स्टोरेज काढता येण्याजोग्या पट्टीवर आहे. इच्छा असेल तर जागा सापडते.

रात्री घरी दाजींनी आपला हिशेब मांडला. मिरजेतल्या त्यांच्या मित्राच्या दुकानात विंडोजचा एक लॅपटॉप पासष्ट हजारांत होता, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, आत आणखी एक खाच रिकामी. वर पंचवीस हजार उरतात. लग्नसराई नुकतीच उतरली होती, गाळ्यातला वर्षाचा पैसा हाच. त्यातही आता पत्रिका पन्नासच छापून बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणारी घरं वाढली आहेत. पंचवीस हजार म्हणजे काय हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. हप्त्यांचं मी सुचवलं, तर त्यांनी हात हलवला. बिनव्याजी म्हणतात त्यातही व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचं शुल्क लागतं हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मग दुरुस्तीचं निघालं. पाणी सांडलं तर साध्या वॉरंटीत बसत नाही. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज सगळं एकाच बोर्डावर, त्यामुळे अधिकृत ठिकाणी बहुधा बोर्डच बदलायला सांगतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिप उचलणारे कारागीर आहेत, त्यांचा मला फार आदर आहे, पण हॉस्टेलमधल्या मुलीनं त्यांच्या भरवशावर राहावं असं मी म्हणू शकत नव्हते. दाजींच्या मुद्द्यांतला एकही मला खोडता आला नाही. मी त्यांना तसं सांगितलं.

आणि पुष्कळांच्या बाबतीत तेच मुद्दे शेवटचे असायला हवेत. कॉमर्सच्या मुलाला टॅली लागणार, ती मॅकवर थेट चालत नाही. मेकॅनिकलच्या मुलीला सॉलिडवर्क्स लागणार, तेही नाही. दाजींच्या गाळ्यातलं श्रीलिपी आणि डोंगलचं सगळं जगही विंडोजवरच उभं आहे. अशा मुलांसाठी नावाकडे पाहून नव्वद हजार घालणं म्हणजे पहिल्याच वर्षी दुसऱ्या मशीनची सोय बघणं. माझ्याकडे सल्ला मागणाऱ्यांना मी आधी कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी आणायला सांगते आणि मगच पुढचं बोलते.

भाची तोवर एक शब्दही बोलली नव्हती असं मला वाटत होतं, पण तिनं यादी केलेली होती. वहीच्या मागच्या पानावर. तिला अक्षरं करायची आहेत, देवनागरी टाइप. लहानपणापासून त्या गाळ्यात बसून तिनं पत्रिकांवरचे तेच ते वळणदार फॉन्ट पाहिले होते, आणि गिऱ्हाइकानं "यापेक्षा वेगळं काही दाखवा" म्हटलं की बाबांकडे दाखवायला फारसं काही नसतं हेही. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेली 'मुक्ता' आणि 'बलू'सारखी अक्षरं तिला दिसली, कुणालाही मोफत वापरता येणारी, आणि हे काम माणसं करतात, आपल्याच भागातली माणसं करतात, असं तिला पहिल्यांदा कळलं. या कामात खूप जण ग्लिफ्स नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि ते फक्त मॅकवर चालतं. विंडोजवर दुसरी साधनं आहेत, हेही तिनं प्रामाणिकपणे खाली लिहिलं होतं. त्याखाली एक ओळ अशी होती, की सगळ्या जोडाक्षरांसकट एका फॉन्टची फाइल सहसा एक एमबीच्याही आत बसते, म्हणजे २५६ पुरेल.

दाजींनी ते पान वाचलं, वही मिटली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही १६ आणि २५६ चा घेतला, विद्यार्थी सवलतीत. वरच्या पायऱ्यांबद्दल त्यांनी विचारलंही नाही. फोटो आणि व्हिडिओसाठी बाहेरची एसएसडी नंतर घेऊ, असं ठरलं. सव्वा किलोचं ते मशीन सॅकमध्ये टाकून ती पीएमपीच्या बसमध्ये उभ्यानं जाते, लायब्ररीत प्लगजवळची जागा मिळाली नाही तरी तिचं अडत नाही. ही सोय आकड्यांत मांडता येत नाही म्हणून ती हिशेबातून वगळावी असं मला वाटत नाही. पंचवीस हजार जास्त गेले हेही तितकंच खरं आहे, आणि ते कुणाच्या घामाचे होते हे मला ठाऊक आहे.

दिवाळीत मी मिरजेला गेले तेव्हा भाची गाळ्यात बसली होती, लॅपटॉप नमुन्यांच्या अल्बमवर ठेवलेला. पडद्यावर मोठा 'क्ष' होता, बाह्यरेषेवर निळे-हिरवे ठिपके. ती एक ठिपका ओढून गाठ गोल करत होती. दाजी शाईचे हात पुसत मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ वाकले आणि गाठीच्या आतल्या पांढऱ्या जागेवर करंगळी टेकवली.

"आठ पॉइंटच्या बारीक अक्षरात हे बुजणार. स्क्रीन प्रिंटिंगला शाई पसरते. हा डोळा अजून थोडा उघड."